पाचशे पौंड गवत

१९४५ सालचा ऑक्टोबर. तलासरी, डहाणू, उंबरगावच्या माळांवर गवत कापायला आलं होतं आणि वारली विळा उचलायला तयार नव्हते. मागणी एकच होती: पाचशे पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये. त्या वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली होती. २३ मे रोजी झरी गावात पाच हजार वारली जमले आणि वेठबिगारीचं जोखड फेकून द्यायचं ठरलं. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. पावसाळा सरला आणि मोठा संप उभा राहिला तो गवताच्या कापणीवर. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या हजारो वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मेले. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक ज्यांनी वाचलंय, त्यांना हा सगळा काळ ठाऊक आहे.

ते पुस्तक मी कॉलेजात वाचलं तेव्हा एका प्रश्नाने माझा पिच्छा धरला. जमीनदारांना गवताची एवढी निकड का होती? भात पिकत होतं, जंगलात साग होता. गवतावर पाच माणसांचा जीव जावा असं त्यात काय होतं?

उत्तर माझ्या घराशेजारी रवंथ करत बसलेलं होतं. मी जोगेश्वरीचा. आमच्या चाळीच्या मागे तबेले होते आणि पहाटे पहिला आवाज यायचा तो बादल्यांचा. ट्रक यायचे, गवताच्या गासड्या उतरायच्या, तारा तोडल्या की भुरकट धुरळा सगळ्या गल्लीत पसरायचा. माझी आई वाडा तालुक्याकडची. मामाकडे भाताची थोडी खाचरं आणि वरती वरकस जमीन होती. त्या वरकसावर काहीही पेरावं लागत नसे. पाऊस पडला की गवत आपोआप वर यायचं, दिवाळीच्या आसपास कापायचं, भारे बांधून वखारीवर टाकायचे. मामाचं गवत आणि आमच्या मागच्या म्हशी यांचा संबंध मला फार उशिरा, कृषी खात्यात नोकरीला लागल्यावर नीट कळला.

मुंबईला गवताची भूक जुनी आहे. सरकारने चराईवर पट्टी बसवली म्हणून १८३८ साली सर जमशेटजी जीजीभाईंनी वीस हजार रुपये मोजून ठाकुरद्वाराजवळ गुरांना फुकट चरायला जमीन घेऊन दिली. १८७४च्या मे महिन्यात घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या आणि १९०५मध्ये त्या बंद झाल्या तेव्हा कंपनीच्या पागेत १,३६० घोडे होते. हे नुसत्या ट्रामचे. व्हिक्टोरिया, लष्कर, शेटलोकांच्या बग्ग्या वेगळ्या. घोडे गेले तशा म्हशी वाढल्या. वसईपलीकडे रेल्वे आली होतीच. आजच्या पालघर जिल्ह्यातलं आणि त्याला लागून असलेल्या दक्षिण गुजरातमधलं गवत दाबून, बांधून रेल्वेने मुंबईत येऊ लागलं. नांगरट नाही, बियाणं नाही, राखण नाही, आणि वर्षाला रोख पैसा. जमीनदारांनी मग माळच्या माळ गवताखाली ठेवले आणि ज्यांना तिथे नाचणी-वरी पेरून पोट भरता आलं असतं, त्यांनी मजुरीवर तेच गवत कापायचं. दक्षिण गुजरातच्या पारडी तालुक्यात १९५३च्या १ सप्टेंबरला ईश्वरभाई देसाईंनी सुरू केलेला सत्याग्रह याच कारणासाठी होता: गवताच्या जमिनी धान्यासाठी मोकळ्या करा. तो लढा चौदा वर्षं चालला. अंधेरी-गोरेगावच्या तबेल्यातलं दूध पिणाऱ्या आमच्यासारख्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं.

मजुरीचा हिशेब वारल्यांनी स्वतः मांडला. दुसरा एक हिशेब मात्र अजून कुणी मांडलेला नाही, तो जमिनीचा.

पाचशे पौंड म्हणजे २२७ किलो. ऑक्टोबरअखेर उभ्याने वाळून पिवळं पडलेल्या माळगवतात कच्ची प्रथिनं शेकडा तीन-चार असतात, साडेतीन धरू. प्रथिनाच्या आकड्याला सव्वासहाने भागलं की नत्र निघतं. म्हणजे त्या पाचशे पौंडांतून साधारण सव्वा किलो नत्र माळावरून उचललं गेलं. युरियात ४६ टक्के नत्र असतं, तेव्हा हे पावणेतीन किलो युरियाएवढं झालं. आज ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. त्या भावाने सोळा रुपयांचं. आकडा किरकोळ वाटतो. पण हे नुसत्या पाचशे पौंडांचं. असं गवत दर एकरातून, दर वर्षी गेलं आहे, आणि परत काही गेलेलंच नाही. भाताच्या खाचराला निदान राब मिळायचा, शेणखत मिळायचं. वरकसाला पाऊस तेवढा मिळाला.

मग इतकी वर्षं ते माळ टिकले कसे? इंग्लंडात रोथॅमस्टेड नावाचं शेतीसंशोधन केंद्र आहे. तिथे लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी १८५६ साली, म्हणजे मुंबई-ठाणे गाडी सुरू झाल्यावर तीन वर्षांनी, एका गवताच्या कुरणाचे तुकडे पाडले. काहींना नत्र, काहींना स्फुरद-पालाश, काहींना शेणखत, काहींना काहीच नाही. तो प्रयोग आजही चालू आहे. ज्या तुकड्यांना दीडशेहून अधिक वर्षं काहीही घातलं नाही, तेही दरवर्षी गवत देतात, पण थोडं. हवेतलं नत्र बांधणाऱ्या शेंगवर्गीय वनस्पती, पावसाबरोबर उतरणारं नत्र, मातीतला जुना साठा यावर ते तग धरून आहेत. आपल्या वरकसाचंही असंच झालं. तो मेला नाही, निकस होत गेला. मारवेल आणि पवना ही चवीची, गुरं आवडीने खातात ती गवतं मागे पडली आणि कुसळी पुढे आली. कुसळीचं बी ज्याने जवळून पाहिलंय त्याला सांगायला नको. टोकाला सुईसारखा काटा, मागे पीळ दिलेली लांब शेपटी. ओलावा लागला की तो पीळ उलगडतो आणि काटा फिरत फिरत मातीत घुसतो. मातीत घुसतो तसाच धोतरात, पायाच्या कातडीत आणि जनावराच्या हिरडीतही. मामी संध्याकाळी ओसरीवर बसून लुगड्यातली कुसळं वेचायची, ते काम कधी संपायचं नाही.

गवताचा कस कुठे जातो हे समजून घ्यायचं तर कापणीचा दिवस बघावा लागतो. पहिल्या पावसानंतर उगवलेलं गवत ऑगस्टअखेर फुलोऱ्यावर येतं. तेव्हा कापलं तर प्रथिनं सात-आठ टक्क्यांपर्यंत मिळू शकतात. सात टक्के हा आकडा महत्त्वाचा, कारण त्याच्या खाली गेलं की जनावराच्या पोटातल्या जिवाणूंनाच नत्र अपुरं पडतं आणि खाल्लेला चारा नीट पचत नाही. बी धरलं की प्रथिनं दाण्यात जातात, दाणा मातीत गळतो आणि उरतो तो काडीचा सांगाडा. मग सप्टेंबरात का कापत नाहीत? कोकणात सप्टेंबरात ऊन कुठे असतं? कापलेलं गवत दोन दिवस भिजलं की काळं पडतं, बुरशी धरतं. त्यात भातकापणी तोंडावर. म्हणून भात घरात आल्यावर, माळ पिवळा झाल्यावर विळा लागतो. गवत सुकलेलं असतं, गंजी मारली तरी सडत नाही, पण कस निघून गेलेला असतो. यात शेतकऱ्याचा आळस नाही, आपल्या पावसाचं वेळापत्रकच तसं आहे.

तबेलेवाल्यालाही कसाची फार फिकीर नव्हती. प्रथिनं तो सरकी पेंडीतून आणि हरभऱ्याच्या चुनीतून विकत घेत असे. गवत लागे ते म्हशीचं पोट भरायला आणि दुधाला फॅट लागायला. तंतुमय वैरण कमी पडली की फॅट उतरतं हे त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. त्यामुळे वखारीत गवत घेतलं जाई ते वजनावर. गासडी बांधायच्या सांगाड्यात दोन माणसं उभी राहून पायांनी गवत तुडवत, वरून दाब देत, लोखंडी तार ओढून घेत आणि गासडी तराजूवर चढे. तिथे मारवेल आणि कुसळी एकाच भावाने जात.

गोष्ट एकदाच वेगळ्या वळणाने गेली, ती आरेत. दारा खुरोडी हे मुंबईचे दूध आयुक्त. शहरात दाटीवाटीने बांधलेल्या म्हशी बाहेर काढायच्या म्हणून गोरेगावच्या पूर्वेला टेकड्यांमधली १,२८७ हेक्टर जागा घेऊन त्यांनी दुग्ध वसाहत उभी केली आणि १९५१मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तीसेक युनिटं आणि सोळा हजार म्हशी. खुरोडींना १९६३मध्ये कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो दुधासाठी. मला त्यांचं कौतुक आहे ते पॅरा गवतासाठी.

एक म्हैस दिवसाला पंधरा-वीस किलो शेण टाकते. सोळा हजार म्हशींचं अडीचशे टन झालं, मूत्र वेगळं. जनावर जेवढं नत्र खातं त्यातलं साधारण तीन चतुर्थांश शेणामुतातून बाहेर येतं, दुधात जातं ते उरलेलं. आरेत गोठे धुतल्याचं ते हिरवट-काळं पाणी उतारावरच्या गवताच्या वाफ्यांत सोडलं जाई. पॅरा गवताला पाणी साचलेलं चालतं आणि नत्र कितीही पचतं. महिना-सव्वा महिन्यात पुन्हा कापणीला तयार. लहानपणी आम्ही आरेत फिरायला जायचो तेव्हा तिथल्या ‘छोटा काश्मीर’ बागेपेक्षा मला ते वाफे आठवतात: कमरेएवढं, इतकं गर्द हिरवं की काळसर वाटावं, आणि गुडघाभर चिखलात उभं राहून कापणारी माणसं. वास उग्र होता. पण म्हशीने खाल्लेलं नत्र पुन्हा म्हशीच्या गव्हाणीत पोचत होतं. अर्थात पॅरा गवतात ऐंशी टक्के पाणी, म्हणून सुक्या गवताची गरज संपली नाही. पालघरकडून ट्रक येतच राहिले. खासगी तबेल्यांना तर असे वाफेही नव्हते. तिथलं सगळं नाल्यात आणि तिथून ओशिवरा नदीत. ओशिवरा आरेतच उगम पावते आणि मालाडच्या खाडीला मिळते. वाडा-विक्रमगडच्या माळावरचं नत्र शेवटी त्या खाडीत गेलं.

याच सुमाराला घाटकोपरच्या दक्षिणेला, चेंबूरपलीकडे, हवेतून नत्र काढणारा कारखाना उभा राहत होता. हाबरने प्रयोगशाळेत आणि बॉशने कारखान्यात साध्य केलेली ती प्रक्रिया जर्मनीत ओपाऊला १९१३मध्ये सुरू झाली होती. ट्रॉम्बेला फर्टिलायझर कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा कारखाना १९६५मध्ये चालू झाला. १९७८मध्ये तो राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सकडे आला. ‘सुफला’ आणि ‘उज्ज्वला’ ही नावं महाराष्ट्रातल्या कुठल्या शेतकऱ्याला माहीत नाहीत? ऊस, भात, कांदा, द्राक्षं सगळ्यांना त्या गोण्या पोचल्या. गवताला कुणी दिल्या नाहीत. ज्या शहरासाठी ते माळ झिजत होते, त्याच शहराच्या कडेला नत्राचा कारखाना धडधडत होता, आणि गवताने भरलेले ट्रक त्याच्यापासून काही किलोमीटरांवरून जात होते.

नोकरीत असताना मामाच्या वरकसावर मी पट्टे पाडून बघितलं. एकरी पस्तीस किलो युरिया, निम्मा पाऊस लागून दोन-अडीच आठवडे झाल्यावर, निम्मा ऑगस्टात पावसाच्या उघडिपीत. एकदम दिला तर आपल्या मुसळधार पावसात, तांबड्या मुरमाड जमिनीत तो खालून निघून जातो. पंधरा दिवसांत पट्टा लांबून ओळखू येऊ लागला. फुटवे जास्त, पान रुंद, रंग गडद. कापणीला भारे उघड उघड वाढले. पण दोन गोष्टी शिकायला मिळाल्या. जो भाग ऑक्टोबरअखेरपर्यंत उभा ठेवला तिथे वजन वाढलं, काडी मात्र तशीच टणक. गुरांनी त्यात आणि बिनखताच्या गवतात फारसा फरक केला नाही. जो भाग फुलोऱ्यात कापून मांडवाखाली पातळ पसरून वाळवला, तो हिरवट राहिला आणि मामाच्या बैलांनी गव्हाणीच्या तळापर्यंत खाल्ला. युरियाने गवत वाढतं. कस वाढवायचा तर युरियाबरोबर कापणीही अलीकडे ओढावी लागते. आणि दाट गवत वाळायलाही जास्त दिवस घेतं, म्हणजे पुन्हा पावसाशी गाठ.

मामाने सगळं नीट पाहिलं आणि म्हणाला, “अरे, वखारवाला तराजू लावतो. तुझं प्रथिन तराजूत दिसतं का?” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं आणि आजही बाजाराजवळ ते नाही. वजनावर भाव असेल तोवर शेतकरी उशिराच कापणार आणि त्याचं काही चुकत नाही.

नुसत्या युरियाच्या मी बाजूचा नाही, हेही सांगतो. रोथॅमस्टेडच्या त्या कुरणात बिनखताच्या तुकड्यांत आजही चाळीसेक जातींच्या वनस्पती आहेत. ज्यांना अमोनियम सल्फेट भरमसाट दिलं आणि चुना दिला नाही, तिथे दोन-तीन उरल्या. नत्राने जोमदार गवत वर जातं आणि शेंगवर्गीय वेली सावलीत मरतात. म्हणजे फुकट नत्र देणारेच आपण घालवतो. ज्वारी-बाजरीच्या चाऱ्याला जास्त युरिया दिला आणि पावसाने ताण दिला तर धाटात नायट्रेट साचतं, आणि ते वाळवल्यानेही जात नाही. कोवळ्या ज्वारीतलं विष वाळवल्यावर उतरतं तसं याचं होत नाही, हे पशुपालकांनी पक्कं लक्षात ठेवावं. निकस पेंढा आहे तसा सुधारायचा असेल तर शंभर किलोला चार किलो युरिया पन्नासेक लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा आणि प्लॅस्टिकखाली हवाबंद करून तीन आठवडे ठेवावा. हे सोपं आहे आणि कोकणात अजून फार कमी घरी होतं.

माझ्या मते माळांना खरी गरज शेणखताची आहे, आणि जोडीला स्टायलोसारख्या शेंगवर्गीय चाऱ्याची. शेणखतात नत्र हळूहळू सुटतं, माती धरून ठेवते, वेली मरत नाहीत. आणि शेण मुंबईत पडून आहे. आरेतल्या म्हशी कमी झाल्या, खासगी तबेल्यांच्या जागी टॉवर आले, या शतकाच्या सुरुवातीला उच्च न्यायालयाने तबेले शहराबाहेर हलवायला सांगितलं तेव्हा तलासरीच्या शेजारचं दापचरी पुढे आलं. तरीही जोगेश्वरी, गोरेगाव, मालाडकडे म्हशी आहेत आणि दुधाला गिऱ्हाईक आहे. दिवाळीनंतर अहमदाबाद महामार्गावर रात्री उभे राहा. दोन्ही बाजूंनी फुगलेले, वायरीला टेकतील असे गवताचे ट्रक मुंबईकडे येताना दिसतील. एखादा पेटल्याची बातमी दर हंगामात असते.

गवत उतरवून हे ट्रक परत जातात ते बहुतेक रिकामेच. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का असतं आणि पिवळ्या गवतातही जवळपास तेवढंच. म्हणजे हिशेब किलोला किलो आहे: दहा टन गवत आणणाऱ्या ट्रकाने परतताना अकरा-बारा टन शेणखत नेलं तर आणलेलं सगळं नत्र माळावर परत पोचतं, वाटेत थोडं उडून गेलं हे धरूनही. तबेलामालकांनी शेण नाल्यात न लोटता कुजवून ठेवावं, महापालिकेने त्याला जागा द्यावी, आणि पालघर जिल्हा परिषदेने परतीच्या फेरीचं भाडं सुरुवातीची काही वर्षं उचलावं. ट्रक आहेत, चालक आहेत, रस्ता तोच आहे. पुढच्या दिवाळीला एका तालुक्यापासून सुरुवात करा, वाड्यापासून केलीत तर मी स्वतः येईन.